पासष्टच्या पुढचा रकाना

माझं अक्षर चांगलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात या अक्षराचा मोठा वाटा आहे. शाळेत मला हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं. ठाण्याच्या ज्या कार्यालयात मी तीस वर्षं कारकुनी केली, तिथेही कुठली महत्त्वाची टिप्पणी लिहायची असली की साहेब लोक कागद माझ्याकडेच सरकवायचे. डोकं त्यांचं, हात माझा. पुढे पुढे मला वाटायला लागलं की डोकंही माझंच आहे.

माझं टेबल वैद्यकीय बिलांचं. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या, बायकामुलांच्या आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांच्या औषधपाण्याची बिलं आणायची, मी ती तपासायची आणि नियमात न बसणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर लाल शाईने रेघ मारायची. च्यवनप्राशवर रेघ, घामोळ्याच्या पावडरीवर रेघ, थर्मामीटरवर रेघ. एकदा एका शिपायाच्या बिलात बायकोच्या बाळंतपणासाठी आणलेला डिंक मी पकडला आणि आठवडाभर तो किस्सा कँटीनमध्ये सांगत फिरलो. लोक हसायचे. मी समजायचो, माझ्या हुशारीला हसतात. कचेरीत कारकुनाला भाऊसाहेब म्हणायची रीतच आहे, पण मला कोणी भाऊसाहेब म्हटलं की मी खुर्चीत जरा सरळ बसायचो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी माझ्या टेबलावर किडनीची बिलं यायला लागली. त्याआधी किडन्या निकामी झालेली माणसं सरळ मरायची. कार्यालयाला त्यांचा काही त्रास नव्हता. मग मुंबईत रक्त शुद्ध करायची मशीनं आली, पुढे ठाण्यातही एका ठिकाणी आली आणि माणसं आठवड्यातून दोनदा मशीनवर जाऊन जगायला लागली. एका माणसाचं महिन्याचं बिल म्हणजे अख्ख्या शाखेचा वर्षाचा सर्दी-खोकला. वर्षाची तरतूद दिवाळीतच संपायला लागली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "काहीतरी करा."

साहेब 'काहीतरी करा' म्हणतात तेव्हा काही करायचं नसतं, फक्त काळजी वाटल्यासारखा चेहरा करायचा असतो. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी तीन वर्षांची रजिस्टरं पिशवीत घालून डोंबिवलीला घरी नेली आणि दोन रविवार बसून वयोगटांचा एक तक्ता तयार केला. मुलीच्या शाळेच्या पट्टीने रेघा मारल्या, तिच्याच रंगपेटीतले खडू वापरले. पंचविशीपर्यंतचा पहिला रकाना, त्यात कर्मचाऱ्यांची मुलं. पंचवीस ते अठ्ठावन्न हा दुसरा, त्यात स्वतः कर्मचारी आणि त्यांचे नवरे-बायका. त्यापुढे आईवडील. त्यातही पासष्टच्या पुढच्यांसाठी मी वेगळा रकाना काढला आणि त्याला तपकिरी रंग दिला. का, ते आता आठवत नाही. लाल खडू तुटला होता बहुतेक.

तक्ता बघताना मला फार मोठा शोध लागल्यासारखं वाटलं. तरण्या पोरांसाठी घरचे धावाधाव करून किडनी बदलून घेतात, बहुतेक आईच आपली देते. एकदा मोठा खर्च होतो, मग गोळ्यांवर भागतं. मधल्या वयाचा माणूस मशीनवर जाऊन नोकरी रेटतो. म्हाताऱ्यांना किडनी द्या असं कोणी म्हणत नाही, म्हातारेही मागत नाहीत, त्यांचं मशीन शेवटपर्यंत चालू राहतं. म्हणजे वय वाढतं तसा खर्च वाढतो आणि तो खर्च थोडेच दिवस उपयोगी पडतो. हे कुठल्याही आजीबाईला ठाऊक असतं, पण आजीबाईला पट्टीने रेघा मारता येत नाहीत. मी खाली शिफारस लिहिली: पासष्ट वर्षांवरील अवलंबित आईवडिलांची मशीनची बिलं तीन महिन्यांपर्यंत द्यावीत. त्यानंतर सबळ कारण असल्यास विशेष बाब म्हणून प्रकरण साहेबांपुढे ठेवावं.

साहेबांनी त्यावर लिहिलं, 'सहमत. टिप्पणी उत्तम.' महिन्याभरात त्याचं परिपत्रक निघालं. त्या शेऱ्याची मी स्वखर्चाने झेरॉक्स काढली आणि घरी दाखवली. बायकोने वाचून विचारलं, "आणि बाबांचं काय?"

"बाबांना काय झालंय?" मी म्हणालो.

बाबांना तेव्हा खरंच काही झालेलं नव्हतं. कोपर स्टेशनच्या बाजूला त्यांचं स्टोव्ह दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. घरोघरी गॅस आला आणि स्टोव्ह माळ्यावर गेले, तरी ते रोज सकाळी जाऊन शटर वर करायचे आणि पेपर वाचायचे. दुकानाचं उत्पन्न चहाला पुरायचं, म्हणून नियमाने ते माझ्यावर अवलंबून होते. घरात बघितलं तर उलटंच वाटायचं. त्यांनी चष्मा लावून माझा तक्ता शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात मी कुठल्या रकान्यात?"

"तुम्ही यात नाहीच बाबा," मी म्हणालो. "हे आजारी लोकांचं आहे."

परिपत्रकाचा पहिला फटका बसला तो आमच्या कार्यालयाच्या जीपच्या ड्रायव्हरला. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला माणूस, बोलायला कमी. त्याच्या आईने आयुष्यभर पाटीतून मासळी विकली होती आणि आता तिच्या किडन्या गेल्या होत्या. अर्जात तिच्या वयाची जागा कोरी होती. मी त्याला बोलावून पुरावा मागितला.

"भाऊसाहेब, तिचा जलम कोनी लिवून ठेवलाय?" तो म्हणाला.

मी रेशनकार्ड आणायला सांगितलं. त्यावर वय सदुसष्ट निघालं.

"ते रेशनवाल्यानं तोंड बघून लिवलेलं हाय," तो म्हणाला. "उन्हात बसून बसून तोंड वाळलंय तिचं. ती येवडी म्हातारी नाय."

"आमच्याकडे कागद बोलतो," मी म्हणालो. "तोंड नाही."

हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की त्या दिवशी दुपारी मी ते आणखी दोघांना ऐकवलं.

तीन महिने झाले. विशेष बाब म्हणून विचार व्हावा असा त्याचा अर्ज आला. छापील नमुन्यात 'सबळ कारण' यापुढे पाच ओळी मोकळ्या होत्या. त्याने एकच ओळ लिहिली होती, तीही वाकडीतिकडी: 'ती माझी आई आहे.' खरं म्हणजे तो अर्ज साहेबांपुढे जायला हवा होता. परिपत्रकात तसं होतं आणि ते वाक्य मीच लिहिलं होतं. पण साहेबांपुढे असला कच्चा अर्ज ठेवायचा म्हणजे माझ्या टेबलाची शोभा. मी लाल शाईने, झोकदार अक्षरात शेरा मारला, 'कारण सबळ नाही,' खाली सही केली आणि अर्ज त्याला परत दिला. एक प्रत फायलीत लावली. त्याने अर्जाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि जीप काढायला गेला.

महिन्याभराने तो मुंडण करून कामावर आला. मी म्हणालो, "वाईट झालं. पण वय झालं होतं." तो म्हणाला, "हां, भाऊसाहेब." त्या मधल्या दिवसांत त्याने मशीनचा खर्च कसा भागवला असेल, याचा हिशेब मी माझ्यापुरता करून टाकला होता. कोळीवाड्यातल्या एका लग्नात मी बायकांच्या अंगावर पुष्कळ सोनं बघितलं होतं. त्यातून भागवलं असणार. हा हिशेब मला कोणी विचारला नव्हता. मीच तो अधूनमधून करून बघायचो आणि दर वेळी उत्तर तेच यायचं, म्हणून तो बरोबर समजायचो.

चारेक वर्षं गेली. मला बढती मिळून मी आस्थापनेच्या टेबलावर गेलो. माझ्या जुन्या टेबलावर कल्याणच्या कार्यालयातून बदलून आलेल्या एक बाई बसल्या. पस्तिशीच्या, काटेकोर. त्यांना बिलं कशी तपासायची ते मीच पंधरा दिवस शेजारी बसून शिकवलं. दया दाखवायची तर घरी दाखवा, असंही मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं होतं.

त्या पावसाळ्यात बाबांचे पाय सुजायला लागले. वातूळ म्हणून आम्ही वाटाण्याची उसळ बंद केली. मग त्यांना जेवण नकोसं झालं, जिने चढताना धाप लागायला लागली. रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. दोन्ही किडन्या बहुतेक गेल्या होत्या, आठवड्यातून दोनदा मशीन लागणार होतं. खर्च महिन्याला माझ्या दोन पगारांएवढा, वर इंजेक्शनं वेगळी. डॉक्टरांनी आणखीही काही सांगितलं असेल. मी बाबांच्या वयाचा हिशेब करत होतो. कागदोपत्री त्यांना पासष्ट पूर्ण होऊन चार महिने झाले होते.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "आता मी कुठल्या रकान्यात?"

बायकोने सांगून टाकलं, "तपकिरी."

मंगळवार आणि शुक्रवार हे आमचे मशीनचे वार. ठाण्याच्या त्या खोलीत तीन खाटा होत्या आणि माझा तक्ताच त्यांच्यावर झोपला होता. पहिल्या खाटेवर एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, तिची आई तिला आपली किडनी देणार होती आणि त्यासाठी गावची जमीन विकायला काढली होती. दुसऱ्या खाटेवर चाळिशीचा किराणा दुकानदार, तो मशीनवर पडून गल्ल्याच्या चिंता करायचा. तिसऱ्यावर बाबा. मशीनचा दर तिघांना एकच होता. भेटायला येणाऱ्यांची बोलणी मात्र एक नव्हती. मुलीच्या आईला लोक म्हणायचे, काहीही करा पण पोरीला वाचवा. दुकानदाराच्या बायकोला म्हणायचे, धीर धरा. मला विचारायचे, "वय काय त्यांचं?" आणि वय ऐकलं की मान हलवून गप्प बसायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. एकदा मी एका गृहस्थांना विचारलंही, "वयाचा काय संबंध?" ते बिचारे गोंधळले. हा प्रश्न मी विचारतोय हे माझ्या कार्यालयात कळलं असतं तर लोकांनी पेढे वाटले असते.

दुसऱ्याच आठवड्यात ठाणे स्टेशनबाहेर आम्ही रिक्षा शोधत होतो तेव्हा आमची जीप समोर येऊन थांबली. ड्रायव्हर खाली उतरला. माझ्याकडे न बघता त्याने बाबांचा हात धरला आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. खाजगी कामाला कार्यालयाची गाडी वापरणं नियमाविरुद्ध आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. संध्याकाळी तो पुन्हा हजर. "मशीनवरून उठल्यावर घेरी येते," तो मला म्हणाला. "उतरताना बाबांना जरा वेळ बसू द्यायचं. पाणी मागतील, पन घोटभरच." हे त्याला कुठून ठाऊक, हे विचारायची गरज नव्हती. त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो साहेबांना सोडून यायच्या वाटेवर आम्हाला घेऊन जायचा. मी मागच्या सीटवर बसायचो आणि लॉगबुकात तो हे किलोमीटर कसे बसवत असेल याचा विचार करायचो. कारकुनाची खोड मेल्याशिवाय जात नाही.

तीन महिने संपत आले. कार्यालयाने पैसे थांबवले तर मशीन फार तर दोन महिने चालू ठेवता आलं असतं. प्रॉव्हिडंट फंडातून उचल काढून झाली होती, बायकोच्या पाटल्या गेल्या होत्या. मशीन बंद म्हणजे काय, ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: पंधरा दिवस, तीन आठवडे. मी बाईंच्या टेबलाशी गेलो, इकडचं तिकडचं बोललो आणि परिपत्रकाचा विषय काढला.

"मला वाईट वाटतं भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पण तुम्हीच शिकवलंय, कागद बोलतो."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं ऐकत आलो होतो. इथे दांडाही मी, पातंही मी आणि गोतही माझंच. मी ठरवलं, कागद बोलतो ना, मग दुसरा कागद आणू. बाबांची जन्मतारीख कागदावर एक जून होती. आमच्या कार्यालयात निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून होती. गावोगावच्या मास्तरांनी पोरं शाळेत घालताना हीच तारीख टाकली होती, त्यामुळे दर वर्षी एकतीस मेला आमच्याकडे रांगेने निरोपसमारंभ व्हायचे आणि बटाटावडे कमी पडायचे. म्हणजे बाबांची तारीख खोटी, हे नक्की. मास्तरांनी अंगापिंडाने दांडगं पोर बघून दोन वर्षं जास्त लावली असणार. फक्त सात-आठ महिने इकडचे तिकडे झाले तरी माझं काम होणार होतं. ड्रायव्हरची आई उन्हाने वाळून म्हातारी दिसत होती, हे मी ऐकूनही घेतलं नव्हतं. बाबांच्या अंगापिंडावर मात्र मी संशोधन सुरू केलं.

बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, जुन्या कल्याणात राहायची. ऐंशीच्या घरातली, पण स्मरण पक्कं. बाबांची पत्रिका तिच्या ट्रंकेत आहे असं ती नेहमी सांगायची. एका रविवारी मी पंचांग पिशवीत टाकून तिच्याकडे गेलो. तिने नऊवारीच्या घड्यांखालून पत्रिकेची पिवळी गुंडाळी काढली. मी शके वाचलं, त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले, वजाबाकी केली. मग पुन्हा केली. मग आत्याकडून कागद मागून लेखी केली.

बाबा एकोणसत्तर वर्षांचे होते.

"मग?" आत्या म्हणाली. "अरे, तो शाळेत जायलाच तयार नव्हता. मास्तर आले की फणसावर चढून बसायचा. नऊ वर्षांचा घोडा झाला तेव्हा कुठे पहिलीत बसला. मास्तर म्हणाले, एवढा मोठा पहिलीत कसा दाखवू, म्हणून त्यांनी चार वर्षं खाली लिहिली. तुला काय वाटलं, तुझा बाप लहान आहे होय?"

मी बापाचं वय कमी करायला गेलो होतो आणि चार वर्षं वाढवून घेऊन आलो. आत्याचा आग्रह, पत्रिका घेऊन जा, कचेरीत दाखव, उपयोगी पडेल. आयुष्यभर लोकांकडून अस्सल पुरावे मागणारा मी तो अस्सल पुरावा तिच्या ट्रंकेत परत ठेवून, वर दोन लुगडी टाकून आलो.

बाबांना हे सांगितल्यावर ते किती तरी दिवसांनी मोठ्याने हसले. हसता हसता त्यांना धाप लागली. मग म्हणाले, "तुझा नियम तसा चुकीचा नाही रे. मी साहेब असतो तर मीही सही केली असती. स्टोव्ह जुना झाला की मीच गिऱ्हाइकाला सांगायचो, यावर आता खर्च करू नका."

मला रडू आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी प्यालो. त्यांना दिवसाला मोजून दोन पेले पाणी होतं, म्हणून हल्ली त्यांच्यासमोर मी पाणी पीत नसे.

आता उरला होता विशेष बाबीचा अर्ज. रविवारी दुपारी मी नमुना पुढे ठेवून बसलो. 'सबळ कारण' यापुढे पाच ओळी. हजारो टिप्पण्या लिहिलेला माझा हात तिथे अडला. ते कर्ते पुरुष आहेत, असं लिहावं, तर नव्हते. प्रकृती सुधारण्याची आशा आहे, असं लिहावं, तर नव्हती. समाजाला त्यांची गरज आहे?

"लिही," बाबा कॉटवरून म्हणाले, "स्टोव्हचे दिवस परत येणार आहेत आणि डोंबिवली पश्चिमेत दुसरा कारागीर नाही."

चार कागद फाडले. पाचव्यावर शेवटी जे खरं होतं ते लिहिलं: 'ते माझे वडील आहेत.' लिहून झाल्यावर त्या ओळीकडे बघत बसलो. कुठेतरी वाचल्यासारखी वाटली. कुठे, ते लगेच आठवलं, पण मी उठून पेन धुवायला गेलो.

बुधवारी बाईंनी मला बोलावलं. त्यांच्यापुढे माझा अर्ज होता आणि शेजारी एक जुनी फाईल. अशा अर्जाला पूर्वीचा दाखला शोधून जोडायचा, हेही मीच शिकवलेलं. फायलीत ड्रायव्हरची ती वाकडीतिकडी ओळ होती आणि तिच्याखाली माझं लाल, झोकदार अक्षर. दोन कागद शेजारी शेजारी ठेवले तर अक्षर सोडून काही फरक नव्हता.

"यावर साहेबांची सही नाही," बाई म्हणाल्या.

"नाही."

"म्हणजे हे साहेबांपर्यंत गेलंच नव्हतं?"

"नाही."

त्या उठल्या. दोन्ही कागद घेऊन नव्या साहेबांकडे गेल्या. मला आत बोलावलं तेव्हा साहेब तक्ता बघत होते, माझाच, खडूचे रंग अजून ताजे होते. ते आवाज न चढवता म्हणाले, "आधीचं प्रकरण निकाली निघालेलंच नाही. ते पडून आहे. ते आधी निकाली काढा, मग तुमचं घेतो. कारण तेच आहे, त्यामुळे मंजूर करायचं तर दोन्ही करू. तीन महिन्यांनंतर त्याने जो खर्च केला असेल त्याची बिलं मागवा. सगळे पैसे देऊ त्याला."

मला केवढं हायसं वाटलं. बाबांचं मशीन चालू राहणार होतं, वर माझ्या हातून झालेली चूकही फिटणार होती. जिना उतरताना मी मनात वाक्यं जुळवत होतो. तुझे पैसे मिळवून देतोय, अशा सुरात बोलायचं मी ठरवलं होतं. हे सांगायला लाज वाटते, पण मला आभाराची अपेक्षा होती.

तो आवारात जीपचं बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी घालत होता. मी त्याला सगळं सांगितलं. आईचं प्रकरण पुन्हा काढलंय, साहेब तयार आहेत, तीन महिन्यांनंतरची मशीनची बिलं तेवढी आणून दे. जुनी असली, चुरगळलेली असली तरी चालतील. मी चिकटवून घेईन.

त्याने पाण्याचा डबा खाली ठेवला.

"बिलं नायत भाऊसाहेब," तो म्हणाला.

"हरवली? हॉस्पिटलातून दुसरी प्रत मिळते. मी स्वतः जाऊन आणतो."

"हरवली नाय. तीन महिन्यांनंतर नेलीच नाय तिला. कशानं नेणार? तुमचा कागद आला आन बंदच केलं. सतरा दिवस होती."

त्याने डबा पुन्हा उचलला. मग म्हणाला, "बाबांची बिलं निघतील ना?"

"निघतील."

"मग बरं झालं. शुक्रवारी जरा लवकर येतो. पुलावर खड्डे पडलेत, हळू न्यायला लागेल."

मी वर आलो. बाईंनी साहेबांसाठी छोटा तक्ता आखून ठेवला होता. दोन ओळी, पहिली त्याच्या आईची, दुसरी माझ्या वडिलांची. रकाने वय, कारण आणि देय रक्कम. माझं अक्षर चांगलं म्हणून त्यांनी तो माझ्याकडेच भरायला दिला. वयं लिहिली. कारणाच्या रकान्यात दोन्हीकडे एकेक ओळ लिहिली, त्याची त्याच्या शब्दांत, माझी माझ्या. दुसऱ्या ओळीत बाबांच्या बिलांची रक्कम लिहिली. पहिल्या ओळीतली रक्कम तेवढी राहिली. जागा कोरी सोडायची नाही, देणं नसेल तर तसं लिहायचं, असा नियम आहे. मी लिहिलं, 'निरंक'.

बाईंनी तक्ता तपासला आणि म्हणाल्या, बरोबर आहे.